वडिलांचे पंपिंग 30 टक्के आणि मूलपेशींचा सल्ला : पैसे भरण्यापूर्वी

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. वडील 61 वर्षांचे आहेत. पाच महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला, खरगोनहून इंदूरला आणेपर्यंत नऊ तास गेले, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला, आणि आता इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या अहवालात पंपिंग (प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या मुख्य कप्प्यातील जितके टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते प्रमाण) 30 टक्के लिहिलेले आहे. एक जिना चढला की त्यांना धाप लागते. अशात एका खासगी केंद्राने कमरेच्या हाडातील मज्जा काढून त्यातील मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, हृदयात सोडण्याचा सल्ला दिला आहे, त्यासाठी साडेपाच लाख रुपये सांगितले आहेत आणि ‘मेलेला स्नायू पुन्हा तयार होईल’ असे आश्वासन दिले आहे. त्यासाठी घरातली मुदत ठेव मोडावी का, हा आपला पहिला प्रश्न. आणि बहिणीची प्रसूती जवळ आल्याने बाळाच्या नाळेतील रक्त आजोबांसाठी साठवून ठेवावे का, हा दुसरा.

मी गेली 19 वर्षे इंदूरमध्ये हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्या बाह्यरुग्ण विभागात निम्म्याहून अधिक वेळ हृदयाची ताकद कमी झालेल्या रुग्णांसाठीच जातो. उत्तर आधी सांगते, म्हणजे पुढचे वाचताना जिवाला घोर राहणार नाही: ठेव मोडू नका. आता या उत्तरामागची कारणे सांगते, कारण नुसत्या ‘नको’ने आपले समाधान होणार नाही, आणि होऊही नये. आपण विचारले आहे की मूलपेशींचा उपयोग होतो का. मला वाटते, आपल्या घरापुढचा खरा प्रश्न याहून थोडा वेगळा आहे: ज्या हृदयाचा काही भाग कायमचा गेला आहे, त्यातून अजून किती परत मिळवता येईल, ते कोणत्या मार्गाने मिळेल आणि त्यासाठी हातात असलेला वेळ व पैसा कशावर खर्च करावा.

काही गोष्टी वडिलांना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सांगता येणार नाहीत, हे आधीच नमूद करते. त्यांचा रक्तदाब किती राहतो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम किती आहे, मधुमेह आहे का, इसीजीमधील क्यूआरएस (मुख्य कप्प्यांच्या आकुंचनाची विद्युत खूण) रुंद झाला आहे का, आणि ज्या भागाला मार बसला तो पूर्ण मेला आहे की त्यातला काही भाग अजून जिवंत आहे, यांवर पुढचे बरेच अवलंबून आहे. म्हणून खालील विवेचन दिशा समजण्यासाठी घ्यावे; गोळ्यांचे प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

इको करताना मी खोलीतला दिवा मालवते आणि रुग्णाला डाव्या कुशीवर वळायला सांगते. निरोगी हृदयात डाव्या जवनिकेचे, म्हणजे मुख्य कप्प्याचे टोक प्रत्येक ठोक्याला आत ओढले जाताना दिसते आणि तेथील भिंत क्षणभर जाड होते. मोठ्या झटक्यानंतर तेच टोक पातळ आणि निश्चल दिसते, तर बाजूच्या भिंती मात्र जीव तोडून आकुंचन पावत असतात. डाव्या जवनिकेत साधारण दोन ते चार अब्ज स्नायूपेशी असतात आणि एका मोठ्या झटक्यात त्यांतील सुमारे एक अब्ज नष्ट होऊ शकतात. त्यांच्या जागी स्नायू येत नाही, व्रण तयार होतो. तो फाटत नाही, पण आकुंचनही पावत नाही.

हृदय स्वतःहून नवीन पेशी तयार करते का, याचे उत्तर स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2009 मध्ये फार सुंदर रीतीने शोधले. 1950 आणि 1960 च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-14 वाढला होता आणि नंतर तो हळूहळू घटत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीच्या कार्बनची खूण तिच्या डीएनएमध्ये राहते. त्यावरून असे दिसले की पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. झेब्राफिश नावाच्या लहान माशाचे हृदय कापलेला भाग पुन्हा वाढवू शकते, एका दिवसाच्या उंदराच्या पिल्लालाही ते जमते, पण आठवडाभरात पिल्लाचीही ती क्षमता संपते. म्हणजे आपल्या हृदयात नूतनीकरण आहे, मात्र एक अब्ज पेशींची तूट भरून काढण्याच्या मानाने ते नगण्य आहे. मूलपेशींचे संशोधन सुरू झाले ते ही तूट बाहेरून भरून काढता येईल का, या प्रामाणिक आणि आवश्यक प्रश्नातून.

आता कमरेच्या हाडातील मज्जेविषयी. 2001 मध्ये उंदरांवरील एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात मज्जेतील पेशी झटका आलेल्या हृदयात सोडल्यावर त्यांचे हृदयस्नायूत रूपांतर झाल्याचा दावा होता. जगभर उत्साहाची लाट आली आणि अवघ्या काही महिन्यांत माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. परंतु 2004 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तोच प्रयोग अधिक काटेकोर खुणा वापरून पुन्हा केला, तेव्हा मज्जेतील पेशी रक्तपेशीच राहतात, स्नायू होत नाहीत, असे दिसून आले. पहिल्या प्रयोगातील ज्येष्ठ संशोधक पिएरो अँवर्सा यांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने 2018 मध्ये केली. हृदयातच मूलपेशी दडलेल्या असतात, हा त्यांचा पुढचा दावाही त्याबरोबर ढासळला. मी शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात याच कामाचे आलेख दाखवले जात आणि आम्ही भारावून ते वहीत उतरवून घेत असू, म्हणून ही बातमी वाचताना मला फार वाईट वाटले होते.

माणसांवरील चाचण्यांचे काय झाले, ते थोडे सावकाश पाहू, कारण आपल्याला दाखवले जाणारे आलेख बहुधा तिथूनच आलेले असतात. सप्टेंबर 2006 मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या आल्या. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील 204 रुग्णांच्या चाचणीत मज्जेच्या पेशी मिळालेल्या रुग्णांचे पंपिंग चार महिन्यांत सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढले. नॉर्वेतील 100 रुग्णांच्या चाचणीत मात्र काहीच फरक पडला नाही. यात माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा तिसराच आहे. जर्मन चाचणीत ज्यांना पेशींऐवजी नुसता द्रव दिला गेला होता, त्यांचेही पंपिंग सुमारे तीन टक्क्यांनी वाढले. झटक्यानंतर जो स्नायू मेलेला नसतो, केवळ मूर्च्छित झालेला असतो, तो रक्तपुरवठा सुरळीत झाल्यावर आठवड्यांत किंवा महिन्यांत जागा होतो. या काळात रुग्णाला काहीही द्या, अहवाल सुधारतो आणि श्रेय त्या ‘काहीही’ला जाते. म्हणून ज्या आलेखात तुलनेचा दुसरा गट नाही, तो कितीही चढता असला तरी त्यावर निर्णय घेता येत नाही.

2014 मध्ये लंडनमधील संशोधकांनी अशा 49 चाचण्यांचे निबंध ओळीओळीने तपासले. ज्या निबंधांत आकड्यांचे अंतर्गत विसंवाद अधिक होते, त्यांत फायदाही अधिक दिसत होता, आणि ज्यांत विसंवाद मुळीच नव्हते त्यांत सरासरी फायदा जवळपास शून्य होता. यानंतर युरोपात 3000 रुग्णांची एक मोठी चाचणी योजली गेली, जिच्यात मृत्यू कमी होतात का हेच पाहायचे होते. प्रत्यक्षात फक्त 375 रुग्ण मिळाले आणि 2020 मध्ये ती निर्णायक उत्तराविनाच संपली. दात्यांच्या मज्जेतून वेगळ्या केलेल्या पेशी 500 हून अधिक हृदय-दुर्बल रुग्णांना देऊन केलेली आणखी एक मोठी चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. काही रुग्णगटांत झटका किंवा पक्षाघात कमी झाल्याची नोंद तिच्यात आहे आणि ती पुढे तपासण्यासारखी आहे, पण रुग्णालयात पुन्हा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटावे, हा तिचा मुख्य हेतू साध्य झाला नाही.

हे असे का व्हावे? सोडलेल्या पेशींपैकी बहुतांश काही तासांतच रक्ताबरोबर वाहून जातात आणि ज्या उरतात त्याही फार काळ टिकत नाहीत. उंदरांवरील एका अभ्यासात तर मेलेल्या पेशी टोचूनही तेवढाच थोडासा फायदा दिसला, कारण तो स्नायू तयार झाल्यामुळे नव्हता; टोचल्यामुळे जागी झालेली प्रतिकारयंत्रणा व्रणाची बांधणी थोडी बदलत होती. आपल्याकडच्या उपमेने सांगायचे तर महेश्वरी साडीवर ठिणगी पडून भोक पडले, तर त्यावर सुताची लडी ठेवून ते भरत नाही; रफू करणाऱ्याला एकेक धागा मूळ विणीत गुंफावा लागतो. हृदयाच्या बाबतीत तर नवा धागा शेजारच्या धाग्यांबरोबर नेमक्या त्याच क्षणी आकसलाही पाहिजे.

ही गुंफण साधण्याचे काम जगात खरोखर चालू आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आशा वाटते. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना पुन्हा आदिम अवस्थेत नेण्याची रीत शोधली, ज्यासाठी त्यांना 2012 चे नोबेल मिळाले. अशा पेशींपासून प्रयोगशाळेत खरोखर धडधडणारा हृदयस्नायू तयार करता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहताना अंगावर काटा येतो. 2014 मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे भ्रूणाच्या मूलपेशींपासून तयार केलेल्या 100 कोटी स्नायूपेशी माकडांच्या हृदयात सोडल्या गेल्या. त्या जगल्या आणि मूळ स्नायूशी जोडल्याही गेल्या, मात्र माकडांच्या ठोक्यांची लय बिघडली. जपानमध्ये ओसाका विद्यापीठाच्या योशिकी सावा यांच्या गटाने जानेवारी 2020 मध्ये अशा पेशींचा पातळ पापुद्रा पहिल्यांदा एका रुग्णाच्या हृदयावर ठेवला. जर्मनीतील ग्योटिंगेनच्या गटाने 2025 च्या जानेवारीत जे प्रसिद्ध केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: 46 वर्षांच्या एका स्त्रीच्या दुर्बल हृदयावर त्यांनी तयार स्नायूचे ठिगळ शिवले, तीन महिन्यांनी तिला दात्याचे हृदय मिळाले, आणि काढलेल्या जुन्या हृदयावरील ते ठिगळ जिवंत होते, त्यात रक्तवाहिन्याही आल्या होत्या.

मात्र आपल्याला देऊ केलेला उपचार या संशोधनातला नाही, आणि हा मुद्दा कृपया घरातील सर्वांना समजावून सांगा. कमरेतून सकाळी मज्जा काढून, यंत्रात फिरवून, दुपारी हृदयात सोडणे ही वीस वर्षांपूर्वीची कल्पना आहे आणि तिची परीक्षा होऊन गेली आहे. बाहेरून तयार केलेल्या स्नायूला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात, लय बिघडण्याचा धोका असतो, पेशी गाठीसारख्या वाढू नयेत यासाठी फार काटेकोर शुद्धता पाळावी लागते. म्हणून ते काम आजही मोजक्या केंद्रांत, मोजक्या रुग्णांवर, अखंड देखरेखीखाली चालते. दोन्हींना ‘स्टेम सेल’ हे एकच नाव असल्यामुळे एकाची आशा दुसऱ्याच्या नावावर विकली जाते.

कायद्याच्या दृष्टीनेही स्थिती स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी केले जाणारे मज्जा-प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तो नेहमीचा उपचार म्हणून विकता येत नाही. अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, आणि 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे काही इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. तेव्हा त्या केंद्राला शांतपणे एवढेच विचारा: ही चाचणी असेल तर सी.टी.आर.आय.चा (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक, नैतिकता समितीची मंजुरी आणि औषध नियंत्रकांची परवानगी दाखवा. आणि चाचणी नसेल तर कोणत्या परवानगीने करता? नुसता नोंदणी क्रमांक दाखवला तर तेवढ्यावर थांबू नका, कारण नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. आणि साडेपाच लाखांची पावती फाडली जाणार असेल, तर ती चाचणी नाही, हे गृहीत धरा.

माझ्याकडचा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी देवासकडचे एक निवृत्त शिक्षक असा उपचार दुसऱ्या शहरात घेऊन माझ्याकडे आले. प्लॅस्टिकच्या पाकिटात दोन अहवाल होते, आधीचे पंपिंग 28 आणि नंतरचे 36. मी इको केला तेव्हा ते मला 29 च्या आसपास दिसले. यात कोणी मुद्दाम खोटे लिहिले असेलच असे मी म्हणणार नाही, कारण एकाच हृदयाचे पंपिंग दोन वेगळ्या व्यक्तींनी मोजले तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. ‘नव्या पेशी स्थिरावेपर्यंत’ त्यांचे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा ताण कमी करणारे औषध, बंद करायला सांगितले होते, पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते आणि वजन दोन महिन्यांत सहा किलोने वाढले होते. त्यांना आठ दिवस दाखल करून पाणी उतरवावे लागले. सोयाबीनचे शेत विकून त्यांनी पैसे उभे केले होते, आणि हे सांगताना ते माझ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत होते.

आता आपल्या प्रश्नात ज्याचा उल्लेखच नाही, त्याकडे येते. वडिलांच्या गोळ्यांची यादी आपण दिलेली नाही. पंपिंग 40 टक्क्यांहून कमी असलेल्या रुग्णासाठी आज चार प्रकारची औषधे पायाभूत मानली जातात: सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन किंवा त्याच्या जातीचे औषध, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यांच्यामागचा पुरावा पाहा. स्पायरोनोलॅक्टोनने हृदय फार दुर्बल झालेल्या रुग्णांतील मृत्यू 30 टक्क्यांनी घटतात, हे 1999 मध्येच दिसले. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनची चाचणी 8442 रुग्णांवर झाली आणि जुन्या चांगल्या औषधाच्या तुलनेतही मृत्यू व दाखल होणे मिळून 20 टक्क्यांनी कमी झाले. डॅपाग्लिफ्लोझिनच्या 2019 च्या चाचणीत 4744 रुग्ण होते आणि घट 26 टक्के होती. हे मुळात मधुमेहाचे औषध, पण मधुमेह नसलेल्यांनाही तितकाच लाभ झाला. ही सारी आता जेनेरिक स्वरूपात मिळतात. तरीही माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या चिठ्ठीवर चारांपैकी दोनच औषधे असतात आणि तीही सुरुवातीच्या छोट्या प्रमाणात, जे पुढे कोणी वाढवलेलेच नसते. दर दोन आठवड्यांनी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहून ही मात्रा हळूहळू चढवावी लागते. काम कंटाळवाणे आहे, पण 30 चे पंपिंग 40 वर गेलेले मी जे पाहिले आहे ते बहुतेक वेळा याच मार्गाने.

दुसरे म्हणजे आयसीडी, अर्थात ठोक्यांची लय धोकादायकरीत्या बिघडली तर विजेच्या धक्क्याने ती सावरणारे यंत्र. झटक्याला 40 दिवस आणि योग्य औषधांना किमान तीन महिने होऊनही पंपिंग 35 टक्क्यांहून वर गेले नाही, तर ठोक्यांची लय अचानक बिघडून मृत्यू येण्याचा धोका उरतो, आणि तो टाळण्यासाठी कातडीखाली बसवायच्या या यंत्राचा विचार करावा लागतो. वडील पाच महिन्यांवर आहेत, म्हणजे हा निर्णय त्यांच्या दारात उभा आहे. चार औषधे पूर्ण मात्रेत तीन महिने झाली नसतील तर आधी ती द्यावीत आणि मग एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच हाताने इको करून ठरवावे. इसीजीमधील क्यूआरएस रुंद असेल तर हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी चालवणारा सीआरटी पेसमेकर काहींना आश्चर्यकारक फायदा देतो. जो पैसा आपण मज्जेच्या उपचारासाठी काढणार होता, तो या यंत्रासाठी लागू शकतो. विमा किंवा आयुष्मान कार्ड यात कितपत चालेल, हे रुग्णालयाच्या मदतकक्षात आधीच विचारून ठेवा.

घरच्या बाबतीत दोनच गोष्टी, पण इंदूरकरांसाठी त्या अवघड आहेत. सकाळच्या पोह्यांवरची मूठभर शेव आणि जिरावन, दुपारचे पापड-लोणचे, संध्याकाळचे फरसाण, यांतून जाणारे मीठ पाणी अंगात धरून ठेवते; ते खरोखर कमी करावे लागेल. मात्र त्याऐवजी बाजारातील कमी सोडियमचे मीठ आणू नका, कारण त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते धोकादायक ठरू शकते. रोजच्या नारळपाण्याचेही तेच. आणि दररोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. नाळेतील रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात आणि काही रक्तविकारांत त्यांचा खरोखर उपयोग होतो; हृदयाचा स्नायू त्यांच्यापासून होत नाही, आणि नातवाच्या पेशी आजोबांशी पूर्णपणे जुळतीलच असेही नाही. नाळेतील रक्ताने बरा होणारा विकार घरात आधीच कोणाला असेल तर गोष्ट वेगळी, अन्यथा खासगी पेढीत ते साठवण्याची शिफारस आयसीएमआर करत नाही. तिला निश्चिंत मनाने बाळंत होऊ द्या.

वडिलांच्या पुढच्या भेटीला जाताना चिठ्ठी नव्हे, तर घरात असलेली औषधांची सर्व पाकिटे एका पिशवीत घालून न्या, झटक्याच्या वेळची अँजिओग्राफीची सीडी आणि आतापर्यंतचे सर्व इको अहवाल तारखेप्रमाणे लावून न्या, आणि तेथे तीन गोष्टी विचारा: चारांपैकी कोणते औषध चालू नाही आणि का, चालू औषधांची मात्रा अजून किती वाढवता येईल, आणि आयसीडीचा निर्णय कोणत्या तारखेच्या इकोवर घ्यायचा. ती तारीख त्यांच्याकडून लिहून घ्या.